गंजाचा टिपका

पौषात हर्णैला सुईवर गंज जरा उशिरा चढतो.
म्हणून ठरवलं, यंदा नवीन काही बेतायचं नाही,
आहेत त्या सात अर्धवट गोधड्या
आधी हातावेगळ्या करायच्या.

पण शिवायला बसायला जागा हवी.
मागच्या पडवीत मशीन, मशीनवर धुतलेले कपडे,
कपड्यांवर मांजर,
आणि खाली चिंध्यांच्या पिशव्याच पिशव्या.
गाठी सुटेनात. कुठल्या वर्षी, कशाच्या रागात
बांधल्या होत्या, देव जाणे.

चिऱ्याच्या भिंतीत खिळा धरत नाही.
यांनी चार ठोकले,
चारही लाल भुकटीसकट खाली आले.
मग आंब्याच्या रिकाम्या पेट्या आडव्या रचल्या,
एकीवर एक, तंगुसाने आवळून.
पहिलीत सुती, दुसरीत टेरिकॉट,
तिसरीत ज्याला नाव देता येत नाही ते सगळं.
पेट्यांवर अजून लिहिलेलं आहे,
नाजूक माल, लवकर पोचवा.
राहू दे म्हटलं.

सुया तांदळाच्या बरणीत.
कात्री खोबरेल लावून फडक्यात.
जाळ्याचा एक जुना बोया अर्धा कापून
यांनी मला टाचण्या खोचायला दिला.
"तुमच्यात भोकं बुजवतात," म्हणाले,
"आमच्यात राखतात. हात तोच."
आणि माझ्याआधी त्यांनीच सुईत दोरा ओवला,
चष्म्याशिवाय.
मला राग आला.

एक संपली. दोन संपल्या.
तिसरीत शाळेचा निळा होता,
चौथीत होडीचं निशाण, उन्हाने उडालेलं,
लाल की गुलाबी की नुसतं मीठ.
पाचवीला कड लावताना रीळ संपलं.
दापोलीहून आणलं ते एक छटा फिकं निघालं,
लावलं तसंच.
सहावी मी शिवली असं वाटतच नाही,
बहुतेक झोपेत.

सातवी उलगडली तर आत सुई होती.
अर्धा टाका घेतलेला, सुई तशीच,
आणि तिच्याभोवती गंजाचा टिपका,
मसुराएवढा.
रुकय्याचे टाके. तिरके, घाईचे,
खाडीकाठच्या गवतासारखे
सगळे एकाच बाजूला झुकलेले.
एका दुपारी इथेच, या पायरीवर, तिने सुई खोचली,
"आले गं, दूध उतू जातंय" म्हणाली,
आणि त्याच आठवड्यात मुलाकडे मुंब्र्याला गेली.
नऊ वर्षं झाली.

उसवावे का? माझ्या ओळीत ते बसत नाहीत.
ब्लेड हातात घेतलं. ठेवलं.
रात्री फोन लावला.

"कसली गं गोधडी?" म्हणाली.
मग सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल,
मुंब्र्याच्या कोळंबीबद्दल,
जिला म्हणे समुद्राचा वासच नाही.
मी हं हं करत राहिले,
नखाने टिपका खरवडत.
फोन ठेवता ठेवता तीच म्हणाली,
"थांब. ती जांभळी छत्री, त्यातली,
ती तुझी होती की माझी?"

छत्रीचं कापड बरोब्बर मधोमध आहे.
त्यावर पाणी अजून ठरत नाही.
कुणाची, ते मलाही आठवेना.
मी म्हटलं, "तुझी."
ती म्हणाली, "खोटारडी."

सकाळी मांजराला उठवलं, मशीनला नाही.
हे हाताचंच काम.
टिपका साबणाने जात नाही, लिंबानेही नाही.
त्याच भोकातून सुई वर काढली.
पहिले चार टाके तिरके आले, मुद्दाम नव्हे,
मग हात आपला सरळ झाला.

त्या दुपारी दूध उतू गेलं होतं की वाचलं,
ते मात्र विचारायचं राहिलंच.